स्वभावाला औषध नाही म्हणतात, पण औषधाने स्वभाव बदलू शकतो का? (बाबा, पार्किन्सन्स आणि रमी)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. विषय घरचा आहे आणि ओळखीत विचारायची सोय नाही, कारण कराडात सगळे सगळ्यांना ओळखतात.

माझे बाबा ६२ वर्षांचे. झेडपीच्या शाळेत मास्तर, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक. काटकसरी किती, तर पोस्टाने आलेलं पाकीट उलगडून त्याच्या आतल्या बाजूवर हिशेब करणारा माणूस. आयुष्यात पत्ते हातात धरले नाहीत, दिवाळीत मामा-मावश्या तीन पत्ती खेळायला बसले की हे उठून अंगणात जायचे. पाच वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, चालताना तो हात हलेना, मग पार्किन्सन्सचं निदान झालं. सुरुवातीला लेव्होडोपाच्या गोळ्यांवर बरं चाललं होतं, नंतर गोळीचा असर लवकर उतरायला लागला म्हणून डॉक्टरांनी प्रामिपेक्सोल नावाची दुसरी गोळी जोडली आणि पुढे तिचा डोस वाढवला. फरक खरंच जबरदस्त पडला. शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले, संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन यायला लागले, आम्ही सगळे खूश.

आणि मग यावर्षी मार्चमध्ये आईने पासबुक छापून आणलं तर चार पानं भरून नुसत्या एंट्र्या, ५००, २०००, ५००, ५०००. रमीचं ॲप. रात्री दोन दोन वाजता. विचारलं तर चिडले नाहीत की लाजले नाहीत, "थोडं गेलंय, येईल परत" इतकंच म्हणाले, जसं काही दूधवाल्याकडे सुटे राहिलेत. नंतर कळलं की एक एफडी पण मोडली आहे. साडेतीन लाखांच्या वर गेलेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये तो ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैशाची रमी बंद झाली, म्हटलं सुटलो. पंधरा दिवसांत त्यांच्या बंडीच्या खिशात लॉटरीच्या तिकिटांची गड्डी सापडली. आता स्टँडमागे आकडा पण लावतात असं कोणीतरी येऊन सांगून गेलं.

बाकी माणूस तसाच आहे. पेपर वाचतात, नातवाचं गणित घेतात, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. फक्त एक नवीन खूळ आहे, जुनी घड्याळं, रेडिओ, एकदा तर चालू मिक्सर, खोलून बसतात, स्क्रू आकाराप्रमाणे रांगेत लावतात, परत जोडत मात्र नाहीत. पण ते एक जाऊ दे.

काका म्हणतात म्हातारचळ लागलाय. आईचं त्याहून वाईट आहे. ती म्हणते स्वभावाला औषध नसतं, हा माणूस आतून असाच असणार, चाळीस वर्षं दाबून ठेवलं आणि आता सुटला. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. माझा प्रश्न असा की एका गोळीने माणसाचं वागणं इतकं बदलू शकतं का, की मी बापाची बाजू घ्यायला कारणं शोधतेय? आणि गोळी बंद करून बघावी का?

रोखठोक_नाना

राग मानू नका पण गोळीबिळी काही नाही. फोन काढून घ्या, एटीएम कार्ड काढून घ्या, खिशात रोजचे पन्नास रुपये ठेवा. आमच्या आळीत दोन जण रमीत बुडाले, त्यांना कुठे पार्किन्सन्स होता. ती ॲपं बनवतातच अशी की शहाणा माणूस येडा व्हावा. रिटायर माणसाला वेळ खायला उठतो, बाकी काही नाही.

केमिस्टदादा

ताई, आधी एकच गोष्ट सांगतो, पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकदम तोडली तर शरीर तर आखडतंच, पण काही पेशंटना भयंकर घाबरं होणं, घाम, उदासी, अंगदुखी असं सुरू होतं आणि लेव्होडोपा वाढवून ते जात नाही. त्याला वेगळं नावच आहे, डोपामाइन ॲगोनिस्ट विथड्रॉवल सिंड्रोम. कमी करायची ती डॉक्टरनेच, पायरी पायरीने.

आता तुमचा प्रश्न. हो, बदलू शकतं. मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलच्या फार्मसीत २२ वर्षं काढलीत, त्यामुळे निदान करत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून ज्याला हा विषय माहितीये त्याचे कान टवकारणारच. याला इम्पल्स कंट्रोल डिसऑर्डर म्हणतात आणि प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटाच्या गोळ्यांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं, त्या घडी घातलेल्या कागदावर, जो आपण सगळे उघडल्या उघडल्या टाकून देतो. २०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० पार्किन्सन्स पेशंटचा एक मोठा अभ्यास छापून आला होता. जुगार, खरेदी, अति खाणं आणि लैंगिक वागणं, या चारपैकी निदान एक तरी भानगड १३.६ टक्के लोकांत सापडली. या गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रमाण १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९. म्हणजे सगळ्यांना होत नाही, बहुतेकांना होत नाही, पण शंभरात सतरा म्हणजे थोडे पण नाहीत.

का होतं ते माझ्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणून भाग असतो, तिथल्या पेशी डोपामाइन नावाचं निरोप पोचवणारं रसायन बनवतात, पार्किन्सन्समध्ये त्या मरत जातात. पण सगळीकडचं डोपामाइन सारखं आटत नाही. हे डोपामाइन मेंदूतल्या स्ट्रायटम नावाच्या भागात पोचतं, त्यातला हालचालीचं काम बघणारा वरचा भाग आधी कोरडा पडतो. खालचा भाग, जो हवंसं वाटणं, बक्षिसाची ओढ हे बघतो, तो बराच काळ ठीक असतो. तुम्ही उसाच्या पट्ट्यातल्या, तुम्हाला पटेल. वरच्या वाफ्याला पाणी चढावं म्हणून पाटाचं दार पूर्ण उघडलं की खालचा आधीच ओला असलेला वाफा तुंबतो. गोळीला कुठे कळतंय कुठल्या वाफ्यात जायचं. त्यात लेव्होडोपा म्हणजे कच्चा माल, मेंदू त्यातून डोपामाइन करून घेतो, पण हा दुसरा गट म्हणजे डुप्लिकेट चावी, थेट कुलपात जाऊन बसते, आणि प्रामिपेक्सोलला नेमकी डी३ नावाची कुलपं जास्त आवडतात जी त्या खालच्या वाफ्यात भरपूर असतात.

त्यांचं ते "थोडं गेलंय, येईल परत" वाचून मी थांबलो. डोपामाइन म्हणजे आनंद असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते अर्धवट आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले, दिवा लागला की थोड्या वेळाने ज्यूस मिळणार. सुरुवातीला डोपामाइनच्या पेशी ज्यूस मिळाल्यावर उडायच्या. मग माकड शिकलं तशा त्या दिवा लागल्यावरच उडायला लागल्या, ज्यूसला काही नाही. आणि दिवा लागूनही ज्यूस आला नाही तर नेमक्या त्या वेळेला पेशी गप्प व्हायच्या. ती गप्प होण्याची जी खाच आहे ना, तोच आपला फटका, अरे हे चुकलं, पुन्हा नको. आता विचार करा, डुप्लिकेट चावी चोवीस तास कुलपात बसलेली असेल तर ती खाच पडणार कुठे? जिंकल्याचं पोचतं, हरल्याचं पोचत नाही. २००४ मध्ये मायकल फ्रँक आणि मंडळींनी हे पेशंटवर तपासलं होतं, गोळी न घेतलेले पेशंट चुकीतून जास्त चांगलं शिकले आणि गोळी घेतलेले बक्षिसातून. म्हणून तुमचे बाबा लाजत नाहीत. निर्लज्ज झाले म्हणून नाही.

आणि जे तुम्ही "जाऊ दे" म्हणून सोडून दिलंत ते मिक्सर-घड्याळाचं, ते जाऊ देऊ नका, डॉक्टरला आवर्जून सांगा. त्याला पंडिंग म्हणतात. तासन्तास वस्तू खोलणं, लावणं, रचणं. ते पण याच कुटुंबातलं.

अजून एक, गोळ्यांच्या स्ट्रिप मोजा. काही पेशंट स्वतःच जास्त गोळ्या घ्यायला लागतात.

पैठणी_नको_ग_बाई

ताई, तुमच्या आईला माझं उदाहरण सांगा. मला पार्किन्सन्स नाही. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची छोटी गाठ होती, प्रोलॅक्टिनोमा, त्यावर कॅबरगोलिन नावाची गोळी आठवड्यातून दोनदा, ती पण याच डोपामाइनवाल्या गटातली. गाठ सुंदर आकसली. आणि मी साड्या घ्यायला लागले. हसू नका. रात्री साडेअकरा ते दोन फेसबुकवर साड्यांचे लाइव्ह सेल चालतात ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. सहा महिन्यांत ६४ साड्या, त्यातल्या निम्म्यांचे खोके उघडले पण नाहीत. मला साडी नको होती हो, मला "बुक" टाइप करायचं होतं. बुक लिहिलं आणि लाइव्हवरच्या साड्या विकणाऱ्या ताईने माझं नाव घेतलं की झालं, नंतर पार्सल आलं की नुसता कंटाळा. पुढे कुठेतरी वाचलं की हवंसं वाटणं आणि आवडणं ही मेंदूत वेगळी खाती आहेत, तेव्हा रडूच आलं कारण नेमकं तेच होत होतं.

नवऱ्याला वाटलं मला डिप्रेशन आहे, सासूबाईंना वाटलं माज आहे. मला स्वतःला काय वाटत होतं विचाराल तर काहीच वाटत नव्हतं, तेच तर विचित्र. आतून एकदाही असं वाटलं नाही की हे मी नाही करत आहे, कोणीतरी करवतंय. पूर्ण माझाच निर्णय वाटायचा. म्हणून बाबांना "तुम्हाला कळत नाही का" असं विचारू नका, त्यांना कळत असेल सगळं, कळून उपयोग नसतो.

शेवटी एन्डोक्रिनोलॉजिस्टनेच (हार्मोन्सच्या डॉक्टरने) एकदा सहज विचारलं, खरेदी वगैरे वाढलीये का? मी म्हटलं तुम्हाला कसं कळलं! डोस कमी केला आणि काही आठवड्यांनी एके रात्री लक्षात आलं की अरे आज मी लाइव्ह लावलंच नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. वर दादांनी चार भानगडी लिहिल्यात त्यातली चौथी. तुमची आई इतकी कडवट का झाली आहे याचा एकदा शांतपणे विचार करा. ती मुलीला सांगणार नाही. डॉक्टरांनी तिला एकटीला विचारायला हवं, तुम्ही खोलीबाहेर थांबा.

रोखठोक_नाना

बरं, गोळीचं नवीन कळलं, मागे घेतो. तरी फोन काढून घ्याच.

केमिस्टदादा

@नाना, ते पण बरोबरच आहे, तुम्ही काही मागे घेऊ नका. गोळी ओढ वाढवते, पण कशाची ओढ ते आजूबाजूला काय पडलंय त्यावर ठरतं. रात्री दोन वाजता उशाशी दुकान उघडं असणं हा निम्मा आजार आहे. आणि कोणाला लागतं हे पण काही अगदी लॉटरी नाही (सॉरी ताई). त्याच २०१० च्या अभ्यासात कमी वय, लग्न न झालेलं असणं, सिगारेट, घराण्यात जुगाराचा इतिहास असलेल्यांत प्रमाण जास्त दिसलं होतं.

अर्धवट_अर्जुन

या सगळ्यावरून तो लोखंडी पहारवाला आठवला, फिनियस गेज. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना पहार गालातून घुसून डोक्यातून आरपार, माणूस जगला पण पुढचा मेंदू गेला आणि देवमाणसाचा सैतान झाला, शिव्या देत भटकत मेला. मेंदू बिघडला की संपलं, स्वभाव वगैरे सगळं झूठ.

तळटीप

अर्जुनराव, पहार खरी आहे, सैतान खोटा आहे. १३ सप्टेंबर १८४८, व्हरमाँटमधलं कॅव्हेंडिश, गेज तेव्हा २५ वर्षांचा आणि मुकादम. पहार साडेतीन फुटांहून लांब आणि सहा किलोची. डॉक्टर हार्लो यांनी लिहून ठेवलंय की तो चंचल, शिवराळ झाला, मित्र म्हणायला लागले हा आपला गेज नाही, कंपनीने कामावर परत घेतलं नाही. इथवर बरोबर. पण नंतर हाच माणूस चिलीला गेला आणि तिथे बरीच वर्षं घोड्यांची टपालगाडी हाकत होता. सहा घोड्यांचे लगाम, प्रवासी, वेळापत्रक, अनोळखी भाषा. पुढचा मेंदू गेलेल्या सैतानाला हे जमत नसतं. १८६० मध्ये फिट्स येऊन गेला. त्याच्यावर अलीकडे ज्यांनी काम केलंय त्यांचं म्हणणं असं की रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं काम, ही जी बाहेरची चौकट होती तिने त्याला बराच सावरला असणार. कवटी आणि पहार दोन्ही हार्वर्डच्या संग्रहात आहेत, ज्यांना जायचं त्यांनी जावं.

सांगायचा मुद्दा, संपलं वगैरे इतक्या लवकर म्हणू नये. बाबांना रोज ठरलेल्या वेळी गुंतवणारं काहीतरी शोधा. निवृत्त गणित मास्तर आहेत, गल्लीतली चार पोरं आणून बसवा.

वनौषधी_प्रेमी

ॲलोपथीने हे होणारच. आमच्याकडे कंपवातावर हजारो वर्षांपासून खाजकुयलीचं बी वापरतात, कपिकच्छू. त्यात नैसर्गिक एल-डोपा असतं, साइड इफेक्ट शून्य. ताई, गोळ्या बंद करा आणि हे चूर्ण दुधातून सुरू करा.

केमिस्टदादा

नको! थांबा. खाजकुयलीत एल-डोपा, म्हणजेच लेव्होडोपा, असतं हे शंभर टक्के खरं आहे, १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं, म्हणजे पार्किन्सन्सला ते लागू पडतं हे जगाला कळायच्या कितीतरी आधी. पण ताई, म्हणूनच तर सांभाळायचं. आधीच लेव्होडोपा पोटात असलेल्या माणसाला वरून चूर्णातून तीच लेव्होडोपा, तीही किती ते माहीत नसताना, म्हणजे तुंबलेल्या वाफ्यात अजून एक मोटार. नैसर्गिक आहे म्हणून मेंदू त्याला वेगळा पाट काढून देत नाही.

अवांतर होतंय पण आयुर्वेदाचा विषय निघालाच आहे तर सर्पगंधेची गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे वेडावर आणि झोपेसाठी ती मुळी पूर्वापार वापरात होती. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा ब्लडप्रेशरवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि सगळं जग जागं झालं. तीन वर्षांत तिच्यातून रेसरपिन काढलं गेलं. प्रेशर उतरायचं, पण काही पेशंट उदास व्हायचे, काही पार्किन्सन्ससारखे आखडायचे. मग १९५७ मध्ये स्वीडनमध्ये अर्विद कार्लसनने सशांना रेसरपिन दिलं, ससे दगडासारखे पडून राहिले, कान लोंबलेले, मग एल-डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. म्हणजे रेसरपिनने मेंदूतलं डोपामाइनचं कोठार रिकामं केलं होतं. त्या सशांपासूनच आजच्या पार्किन्सन्सच्या गोळीचा रस्ता निघाला, कार्लसनला २००० साली नोबेल मिळालं. आणि सुरुवात कुठून तर आपल्या रानातल्या एका मुळीपासून, जिने माणसाचा मूड आणि हात-पाय दोन्ही एकदम धरून ठेवले होते. त्यामुळे स्वभावाला औषध नाही ही म्हण ज्याने केली त्याने सर्पगंधा खाल्ली नव्हती.

वनौषधी_प्रेमी

सर्पगंधेचं माहीत नव्हतं, रोचक. पण वैद्याच्या देखरेखीखाली म्हणायचं होतं मला.

केमिस्टदादा

मग तसं लिहायचं ना भाऊ, लोक धागा वाचून उद्या दुकानात येतात.

अर्धवट_अर्जुन

एक शंका. सगळं मेंदूवर आणि गोळीवर ढकललं तर उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल मी नाही केलं, माझ्या डोपामाइनने केलं. जबाबदारी नावाचं काही उरतं का मग?

पैठणी_नको_ग_बाई

साड्यांचं क्रेडिट कार्डचं बिल डोपामाइनने भरलं नाही, मीच भरलं, अजून हप्ते चालू आहेत. पण सासूबाईंनी "माज" हा शब्द मागे घेतला आणि त्याने मला जेवण जायला लागलं. एवढाच फरक आहे दोन्हीत, फार तत्त्वज्ञान नको.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय कारण मधले दोन महिने कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत.

न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं, मिक्सर-घड्याळासकट. डॉक्टरांनी वाचलं आणि बाबांना सरळ विचारलं, किती गेले? बाबांनी शांतपणे सांगितलं. मग आईला एकटीला बसवलं, मी बाहेर थांबले. पैठणीताई, तुमचं बरोबर होतं, एवढंच लिहिते.

आधी हे कधी विचारलं का नाही, गोळी देताना का नाही सांगितलं, हे मी विचारलं. ते म्हणाले सांगायला हवं होतं. मग काय भांडणार.

प्रामिपेक्सोल हळूहळू कमी करत आणलीये, लेव्होडोपा थोडी थोडी करून दिवसातून जास्त वेळा. स्ट्रिप मोजल्या, त्या बरोबर निघाल्या. बँकेत खातं आईबरोबर जॉइंट केलं, फोनमधून पैसे पाठवायचं सगळं काढलं, नाना तुमचा सल्ला वाया गेला नाही. पहिले तीन आठवडे भयंकर होते. कंप वाढला, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, दार ओलांडताना उभेच राहायचे, रात्री घाबरून उठायचे आणि आईचा हात धरून बसायचे. एकदा मला म्हणाले, मला जुगारी होऊ दे पण चालू दे. मी काय उत्तर देणार त्याला. चालणं अजून पूर्वीसारखं नाही. प्रीतिसंगमापर्यंत नाही जमत, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जातात. कमी डोसला जमवून घ्यायचं की दुसरं काही जोडायचं ते पुढच्या वेळी ठरणार आहे.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून गट आहे, इथल्याच एकाने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं, त्यांच्या सभेला मी गेले होते. तिथे मी भीत भीत हा विषय काढला तर दोन काकू आपणहून येऊन बसल्या, आमच्या ह्यांचं पण.

आता खरं लिहायचं ते. मागच्या रविवारी बाबांनी कपाटातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. शाळेत हजेरीला वापरतात तसली लांब वही. त्यात प्रत्येक डाव लिहिलेला. तारीख, वेळ, लावले, आले, गेले, खाली बेरीज, पानाच्या तळाला पुढे नेली, मास्तर ना शेवटी. शेवटची बेरीज ३,८६,४५० रुपये, लॉटरी धरून. म्हणजे एक एक रुपया त्यांना माहीत होता. मी म्हटलं बाबा, रोज ही बेरीज करताना काही वाटत नव्हतं? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्याचा पेपर तपासल्यासारखं वाटायचं. आता वाटतंय." आणि चष्मा काढून पुसत बसले.

अक्षर मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बारीक बारीक होत गेलंय, शेवटी शेवटी मुंगीसारखं.

तळटीप

ते बारीक होत जाणारं अक्षर पण आजाराचंच असतं, पार्किन्सन्समध्ये लिहिताना अक्षर आकसत जातं. वही डॉक्टरांना दाखवा, त्यांना उपयोग आहे.

केमिस्टदादा

वही दाखवाच. आणि एक काम करा, त्यातली पहिली एंट्री काढा आणि डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांची फाइल काढा. डोस वाढला ती तारीख आणि पहिला डाव, जरा शेजारी ठेवून बघा. आईंना दाखवा.

कृष्णाकाठची

काढलं. प्रामिपेक्सोलचा डोस वाढवला ती चिठ्ठी २८ ऑक्टोबर २०२४ ची. वहीतली पहिली ओळ १९ नोव्हेंबर २०२४, रात्री ११.४०, लावले ५०.

आईने दोन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावून तीनदा तारखा वाचल्या, मग गॅस बंद केला आणि काकांना फोन लावला. म्हातारचळ या शब्दावरून ती त्यांना काय काय बोलली ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील.